समुद्राच्या उंचीतून वाचलेले प्रवाह

पावसाळा तोंडावर आला की मुंबईकरांच्या मोबाइलवर एक चित्र फिरू लागतं. काळसर पार्श्वभूमीवर अरबी समुद्र आणि त्यात सरसरत जाणाऱ्या हजारो बारीक रेषा. सोमालियाच्या किनाऱ्याला त्या दाट आणि वेगवान होतात, मध्येच भोवरे करतात, भारताच्या किनाऱ्याशी येताना मंदावतात. खाली लिहिलेलं असतं की हे प्रवाह उपग्रहाने टिपले आहेत. चित्र देखणं असतं, बरंचसं खरंही असतं. पण ज्या उपग्रहांच्या जोरावर ते तयार होतं, त्यांपैकी एकानेही पाणी कुठे आणि किती वेगाने वाहतंय हे पाहिलेलं नसतं. त्यांनी मोजलेली असते समुद्राची उंची आणि समुद्रावरचा वारा. प्रवाह त्यातून गणिताने काढतात आणि रेषा संगणक काढतो.

उंचीवरून प्रवाह ओळखता येतो, ही मला समुद्रविज्ञानातली फार सुंदर गोष्ट वाटते. ती समजली की चित्रातल्या कुठल्या भागावर विसंबायचं आणि कुठे थांबून विचार करायचा हेही कळतं. मुंबईच्या माणसाला तर ते कळायलाच हवं, कारण हे चित्र सर्वांत कच्चं असतं ते नेमकं आपल्या किनाऱ्यालगत.

उपग्रह येण्याआधी प्रवाहांचे नकाशे जहाजांच्या नोंदवह्यांतून तयार होत. जहाजाचा वेग आणि दिशा धरून आज ते अमुक ठिकाणी असायला हवं असा हिशेब कप्तान करी. सूर्य-ताऱ्यांवरून प्रत्यक्ष जागा काढली की ती थोडी वेगळी निघे. ही तफावत बरीचशी प्रवाहाने घडवलेली असे. अशा हजारो नोंदी जमवून अटलांटिकच्या प्रवाहांचे नकाशे करणाऱ्यांत जेम्स रेनेल हे नाव मोठं आहे. हा माणूस त्याआधी बंगालचा सर्व्हेयर जनरल होता. त्याचं प्रवाहांवरचं काम त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ साली छापलं गेलं. या पद्धतीची अडचण उघड होती. जिथे जहाजं जात तिथलंच कळे, आणि दहा वर्षांच्या नोंदी एकत्र करून जे निघे ती सरासरी. अरबी समुद्रासारख्या वर्षातून दोनदा दिशा बदलणाऱ्या समुद्राला असली सरासरी फार अपुरी पडते.

उंची मोजायची कशी

ऑगस्ट १९९२ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांनी मिळून टोपेक्स-पोसायडन नावाचा उपग्रह सोडला. तो १,३३६ किलोमीटर उंचीवरून फिरत होता आणि दर दहा दिवसांनी पुन्हा त्याच वाटेवर येत होता. त्याच्यावरचं मुख्य यंत्र म्हणजे अल्टिमीटर, खाली तोंड केलेलं रडार. ते सरळ खाली रेडिओलहरीचा ठोका सोडतं, तो समुद्रावर आपटून परत येतो, आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून किती दूर आहे हे लेझर आणि रेडिओ यंत्रणांनी वेगळं मोजलेलं असतं. दोन्हींची वजाबाकी केली की समुद्राच्या पृष्ठभागाची उंची हाती येते.

कल्पना सोपी, पण काम अतिशय नाजूक. ठोक्याला जाऊन यायला साधारण नऊ सहस्रांश सेकंद लागतात. उंचीत एक सेंटीमीटरचा फरक पडला तर या वेळेत पडणारा फरक सेकंदाच्या एक हजार कोटीव्या भागाहूनही लहान असतो. तो पकडायला यंत्र दर सेकंदाला हजाराहून अधिक ठोके सोडून त्यांची सरासरी घेतं. शिवाय वाटेतली हवा रेडिओलहरीला किंचित मंदावते. कोरड्या हवेमुळे अंतर सुमारे २.३ मीटर जास्त भासतं, हवेच्या दाबावरून ते दुरुस्त करता येतं. बाष्पाचा हिशेब अधिक अवघड. पावसाळ्यात अरबी समुद्रावर बाष्पाने जड झालेली जी हवा असते, ती एकटी तीस-चाळीस सेंटीमीटरची चूक घालू शकते. म्हणून अल्टिमीटरच्या जोडीला बाष्प मोजणारं दुसरं यंत्र असतंच. लाटांचं काय, हा प्रश्न साहजिक आहे. रडारचा ठोका समुद्रावर काही किलोमीटर रुंद पट्ट्यात पसरतो, त्यामुळे एकेका लाटेचा चढउतार सरासरीत विरून जातो. सगळ्या दुरुस्त्या करून शेवटी दोन-तीन सेंटीमीटरच्या अचूकतेने उंची मिळते, तीही तेराशे किलोमीटरवरून. हे वाक्य लिहिताना आजही मला थांबावंसं वाटतं.

टोपेक्सच्या वाटेवर पुढे जेसन मालिकेतले तीन उपग्रह आले, २०२० मध्ये सेंटिनेल-६ आला. आपलाही एक आहे. इस्रोने फ्रान्सच्या अंतराळसंस्थेबरोबर तयार केलेला ‘सरल’ २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने गेला. त्याचा अल्टिमीटर आधीच्या यंत्रांपेक्षा आखूड लहरी वापरणारा होता. त्यामुळे त्याची नजर बारीक होती आणि किनाऱ्याच्या जास्त जवळपर्यंत तो नीट मोजू शके. बदल्यात जोरदार पावसात त्याचे संकेत क्षीण होत. मान्सूनच्या समुद्रासाठी ही किंमत लहान नव्हती.

आता एक गाठ सोडवायला हवी. समुद्राचा पृष्ठभाग वारा नसताना, प्रवाह नसतानाही सपाट नसतो. पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान सगळीकडे सारखं वाटलेलं नाही. जिथे गुरुत्वाकर्षण जरा जास्त तिथे पाणी ओढलं जाऊन फुगवटा येतो, जिथे कमी तिथे खळगा पडतो. जगातला सर्वांत खोल खळगा आपल्याच शेजारी आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागराचा पृष्ठभाग पृथ्वीच्या आदर्श लंबगोल आकारापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. तरी त्या खळग्याकडे पाणी धावत नाही. गुरुत्वाकर्षणाची दिशाच तिथे त्या पृष्ठभागाशी काटकोनात असते, त्यामुळे पाण्याच्या दृष्टीने तो पृष्ठभाग समतलच. या गुरुत्वीय समतल पृष्ठभागाला जिऑइड म्हणतात. प्रवाहांशी संबंध असतो तो जिऑइडपेक्षा समुद्र किती वर किंवा खाली आहे याचा. शंभर मीटरच्या चढउतारावर बसलेला हा फरक असतो फार तर मीटर-दीड मीटरचा. तो वेगळा काढायला जिऑइड अचूक माहीत हवा. त्यासाठी २००२ मध्ये ग्रेस आणि २००९ मध्ये गोस हे गुरुत्वाकर्षण मोजणारे उपग्रह सोडावे लागले. नव्वदच्या दशकात प्रवाहांमधले बदल दिसत होते. त्यामागचा कायमचा प्रवाह इतक्या नीटपणे दिसू लागला तो या मोहिमांनंतर.

चढ आणि प्रवाह

समजा समुद्रात एका जागी पाणी आसपासच्यापेक्षा दहा सेंटीमीटर उंच आहे आणि हा उतार शंभर किलोमीटरवर पसरलेला आहे. डोळ्याला दिसणं सोडाच, बोटीवरच्या कुठल्याही यंत्रालाही तो जाणवणार नाही. पाण्याला मात्र तो जाणवतो आणि ते उताराने खाली घरंगळू लागतं. पण पृथ्वी फिरतेय. फिरणाऱ्या पृथ्वीवर कुठलीही वाहती गोष्ट उत्तर गोलार्धात आपल्या उजवीकडे वळू पाहते, हेच कोरिऑलिस बल. शाळेत भूगोलात आपण सगळ्यांनी ते पाठ केलेलं असतं. उतारावरून निघालेलं पाणी वळत वळत शेवटी अशा दिशेला येतं की उताराची ओढ डावीकडे आणि कोरिऑलिसची ओढ उजवीकडे, दोन्ही सारख्या. तिथे तोल साधतो आणि पाणी त्याच दिशेने वाहत राहतं. म्हणजे ते टेकडीवरून खाली येतच नाही, टेकडीभोवती फिरतं. उत्तर गोलार्धात उंच पाणी नेहमी प्रवाहाच्या उजव्या हाताला. लेखातलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल, पुढचं बरंच काही त्यातूनच निघतं.

वेगही काढता येतो. उताराला गुरुत्वीय त्वरणाने गुणायचं आणि त्या अक्षांशावरच्या कोरिऑलिसच्या संख्येने भागायचं. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. इथे ही संख्या सेकंदामागे सुमारे ०.००००४७५ येते. शंभर किलोमीटरवर दहा सेंटीमीटर हा उतार घातला की उत्तर येतं सेकंदाला वीस सेंटीमीटर. ताशी पाऊण किलोमीटरहून थोडं कमी, दिवसाला सतरा किलोमीटर. मुंबईहून रत्नागिरी सरळ रेषेत सुमारे २२० किलोमीटर आहे. या वेगाने तरंगणारी वस्तू तिथे तेराएक दिवसांत पोहोचेल. हाताच्या पंजाएवढ्या उंचीच्या फरकाने केलेलं हे काम आहे.

याच सूत्रात त्याची मर्यादाही दडलेली आहे. विषुववृत्ताकडे जाऊ तसं कोरिऑलिस बल कमी होत शून्यावर येतं, आणि शून्याने भागता येत नाही. तिथे हिशेबाची वेगळी तऱ्हा वापरावी लागते. दक्षिण भारत आणि मालदीवच्या आसपासचे नकाशे पाहताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

उंच पाणी उजव्या हाताला, हा नियम आपल्या किनाऱ्यावर लावून पाहू, कारण इथे तो फार मोठं कोडं सोडवतो. पावसाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तो उलटा होऊन उत्तरेकडे वाहतो. आता त्या दिवसांतला आपल्याकडचा वारा आठवा. थंडीत मुंबईला वारा येतो तो उत्तरेकडून, वायव्येकडून. म्हणजे किनाऱ्यालगतचं पाणी चक्क वाऱ्याच्या विरुद्ध चाललेलं असतं. वाराच पाणी ढकलतो एवढंच माहीत असेल तर हे पटणारच नाही.

अल्टिमीटरच्या नकाशात उत्तर दिसतं. हिवाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा किंचित चढलेलं असतं. उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. किनारा उजव्या हाताला, उंच पाणीही उजव्या हाताला, म्हणजे प्रवाह उत्तरेला. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी उतरलेलं असतं, म्हणून प्रवाह दक्षिणेला. हे पाणी हिवाळ्यात चढतं कशामुळे? त्याचं कारण मुंबईपासून फार दूर, बंगालच्या उपसागरात आहे. तिथल्या वाऱ्यांनी उचललेला पाण्याचा फुगवटा किनाऱ्याला धरून प्रवास करतो. भारताच्या पूर्व किनाऱ्याने खाली, श्रीलंकेला वळसा, मग आपल्या पश्चिम किनाऱ्याने वर, असा तो येतो. किनारा सतत त्याच्या उजवीकडे. या प्रकारच्या लाटांना केल्विन लाटा म्हणतात. त्या दिवसाला दोनशे किलोमीटरच्या आसपास सरकतात आणि उंचीने इतक्या कमी असतात की गिरगाव चौपाटीवर उभ्या असलेल्या कुणाला त्या येऊन गेल्याचं कळणार नाही. त्यांच्यामागोमाग बंगालच्या उपसागरातलं, नद्यांनी गोडं केलेलं पाणी आपल्या किनाऱ्याकडे ओढलं जातं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे चित्र वर्षानुवर्षांच्या जहाजी मोजमापांतून आणि गणिती प्रतिमानांतून उभं केलं. अल्टिमीटरने ते एका नजरेत दाखवलं. हिवाळ्यात लक्षद्वीपजवळ उंच पाण्याची एक विस्तीर्ण टेकडी तयार होते आणि हळूहळू पश्चिमेला सरकत जाते. पावसाळ्यात त्याच जागी खळगा असतो. कोकणच्या समुद्राला विशाखापट्टणमच्या समुद्राची आठवण असते, असं म्हटलं तर ते काव्य ठरणार नाही.

वाऱ्याचा वाटा

उंचीवरून काढलेला प्रवाह हा हिशेबाचा मोठा भाग असला तरी तो पुरा नाही. वारा वरच्या थराला थेटही ओढतो. ध्रुवीय समुद्रात फ्राम जहाजावर असताना नॉर्वेचा संशोधक नान्सेन याने पाहिलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता वीस ते चाळीस अंश उजवीकडे सरकतोय. स्वीडनच्या एकमनने १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं. इथेही कोरिऑलिसच. आज समुद्रावरचा वारा स्कॅटरोमीटर नावाच्या रडारने मोजतात. वाऱ्याने पृष्ठभागावर उठणाऱ्या बारीक तरंगांवरून रडारचा संकेत किती परततो, यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढली जाते. ओशनसॅट-२, स्कॅटसॅट-१ आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गेलेला ईओएस-०६ या इस्रोच्या उपग्रहांनी हे काम केलं आहे.

उंचीतून आलेला वेग आणि वाऱ्यातून आलेला वेग यांची बेरीज म्हणजे आपल्याला मोबाइलवर दिसणारा प्रवाह. आकड्यांच्या अशा तयार संचांपैकी ऑस्कर हा संच खूप वापरला गेला. त्यात वरच्या तीस मीटर पाण्याचा सरासरी वेग दिलेला असतो. लोकप्रिय ‘अर्थ नलस्कूल’ या संकेतस्थळावरचा प्रवाहांचा नकाशा बराच काळ याच संचावर बेतलेला होता. पडताळणीसाठी जगभरच्या समुद्रात हजाराहून अधिक तरंगते बोये सोडलेले असतात. त्यांना पंधरा मीटर खोलीवर कापडी नळीचा पाल लटकवलेला असतो, म्हणजे बोया वाऱ्याने न भरकटता पाण्याबरोबर जातो. ते आपली जागा उपग्रहाला कळवत राहतात, आणि गणित प्रत्यक्षाशी जुळतं का ते त्यावरून ठरतं.

नकाशात काय नसतं

टोपेक्ससारख्या उपग्रहाची वाट समुद्रावर एका बारीक रेषेसारखी पडते. विषुववृत्तावर शेजारच्या दोन वाटांमध्ये ३१५ किलोमीटरचं अंतर असतं. म्हणजे मुंबई ते रत्नागिरीहूनही रुंद पट्टे, ज्यांत त्या दहा दिवसांत मोजमापच झालेलं नाही. दोन-चार उपग्रह एकत्र केले की जाळी दाट होते, तरी भोकं राहतात. ती आसपासच्या मोजमापांवरून आणि मागच्या-पुढच्या दिवसांवरून संख्याशास्त्राने भरली जातात. तयार नकाशा सामान्यतः पाव अंशाच्या चौकटींत मिळतो, म्हणजे आपल्याकडे सुमारे सत्तावीस किलोमीटरला एक आकडा. रेषा कितीही बारीक आणि तलम दिसू देत, खालचा आकडा एवढाच भरड असतो. शंभर किलोमीटरहून लहान भोवरे त्यात पुसट होतात किंवा दिसतच नाहीत.

आणि भरती-ओहोटी त्यात नसते. ती मुद्दाम काढून टाकलेली असते. आपल्याकडे सव्वाबारा-साडेबारा तासांनी भरती येते, उपग्रह दहा दिवसांनी येतो. प्रत्येक खेपेला भरतीचा वेगळा क्षण हाती लागतो, आणि त्या सगळ्या नोंदी ओळीने मांडल्या तर बारा तासांची भरती बासष्ट दिवसांच्या संथ लाटेसारखी भासते. समुद्रात खरोखर काही महिन्यांनी बदलणाऱ्या गोष्टींशी तिची गल्लत होऊ नये म्हणून टोपेक्सची कक्षाच विचारपूर्वक निवडली होती. मग भरतीचं प्रतिमान वापरून तिचा वाटा वजा केला जातो. खोल समुद्रात हे उत्तम जमतं. मुंबईसमोर तितकं जमत नाही.

एकदा वर्सोव्याला एका वयस्क तांडेलांना, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखांना, मी असा नकाशा दाखवला. त्यांनी तो बराच वेळ निरखला, बोटाने सरकवून पाहिला, आणि विचारलं, “यात उधाण कुठं दिसतं?” मी म्हटलं, “काका, उधाण यात नाहीच. काढून टाकलंय.” त्यांनी फोन परत दिला. “मग आमच्या कामाचं पाणी तर तुम्ही काढूनच टाकलं.” मला वाटतं या नकाशांबद्दल इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे ऐकलेली नाही. कोळ्यांची डोल जाळी समुद्रात एका जागी रोवलेली असते. तिचं तोंड उघडं ठेवतं ते भरती-ओहोटीचं वाहतं पाणी, आणि बोंबील, जवळा त्या पाण्याबरोबरच जाळीत येतो. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, पाणी जोरात; भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, मंद. त्यांचं सगळं वेळापत्रक तिथीवर. मुंबई बंदरात उधाणाला हे पाणी सेकंदाला मीटरभर वेगाने वाहू शकतं. वर काढलेल्या वीस सेंटीमीटरच्या पाचपट. आणि दर सहा तासांनी ते दिशा बदलतं. म्हणजे किनाऱ्याजवळ क्षणाचा विचार केला तर भरतीचा प्रवाह मोठा, आणि महिनाभराचा विचार केला तर जाऊन-येऊन तो जवळपास जागेवरच राहतो, वाहून नेतो तो संथ प्रवाह. दोन्ही खरे आहेत, दोघांची कामं वेगळी.

किनाऱ्याजवळची दुसरी अडचण रडारची. ठोक्याच्या पट्ट्यात जमीन आली की परत येणारा संकेत गढूळ होतो. बाष्प मोजणारं यंत्र तर जमिनीमुळे आणखी लांबूनच गोंधळतं. त्यामुळे किनाऱ्यापासूनच्या पहिल्या वीस-तीस किलोमीटरमधल्या आकड्यांकडे जपूनच पाहावं. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन भारतात सर्वांत रुंद पट्ट्यांपैकी. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून १६० किलोमीटर आत आहे, तरी तिथे पाणी शंभर मीटरही खोल नाही. एवढ्या उथळ पाण्यात भरती फुगते, तळाचं घर्षण प्रवाहाला अडवतं, आणि उतार-कोरिऑलिस यांचा तो सुरेख तोल बिघडतो. नकाशात मात्र हा भाग बाकीच्या समुद्राइतक्याच ठाम रंगात रंगवलेला असतो. माझी खरी तक्रार या ठामपणाबद्दल आहे. जिथे विश्वास कमी तिथे रंग फिकट करणं तंत्राला अवघड नाही, तरी बहुतेक नकाशे ते करत नाहीत.

रेषा काढताना

आकडे हाती आले की प्रत्येक चौकटीत दोन संख्या असतात. पाणी पूर्वेकडे किती वेगाने जातंय आणि उत्तरेकडे किती. या फाइली नोंदणी करून कुणालाही मोफत उतरवता येतात, आणि पायथन ही संगणकाची भाषा जाणणारा महाविद्यालयीन विद्यार्थी एका संध्याकाळी अरबी समुद्राचा नकाशा काढू शकतो. सर्वांत साधा मार्ग प्रत्येक चौकटीत बाण काढण्याचा. तो प्रामाणिक असतो, कारण जितके आकडे तितकेच बाण. पण बाणांची गर्दी झाली की भोवरा दिसेनासा होतो. मग दर तिसरा किंवा चौथा बाणच काढायचा.

वाहत्या रेषांची पद्धत निराळी. नारळी पौर्णिमेला समुद्रात सोडलेला नारळ जसा पाणी नेईल तसा जातो, तसे हजारो कल्पित नारळ संगणक नकाशावर वाटेल तिथे टाकतो. प्रत्येकाच्या जागचा वेग पाहून त्याला एक पाऊल पुढे ढकलतो, नव्या जागचा वेग पाहून पुन्हा एक पाऊल. मागे राहिलेली पुसट होत जाणारी वाट म्हणजे आपल्याला दिसणारी रेषा. थोड्या वेळाने तो नारळ उचलून दुसरीकडे टाकायचा, नाहीतर सगळे काही ठरावीक जागी गोळा होऊन बाकीचा समुद्र रिकामा दिसू लागतो. डोळा हालचाल चटकन पकडतो, त्यामुळे भोवरे आणि प्रवाहांच्या कडा या पद्धतीत फार छान उमटतात.

पण बहुतेक संकेतस्थळांवर हे नारळ एकाच दिवसाच्या गोठवलेल्या प्रवाहातून फिरत असतात. जुलैच्या एका दिवसाचा नकाशा घेतला आणि रेषा मुंबईसमोरून ओमानच्या सलालापर्यंत गेलेली दिसली, तर ती पडद्यावर दहा सेकंदांत पोहोचते. ते अंतर दोन हजार किलोमीटर आहे. सेकंदाला वीस सेंटीमीटरने खऱ्या नारळाला चार महिने लागतील. तेवढ्यात नोव्हेंबर उजाडेल, मोसम पालटेल आणि प्रवाहाची दिशाच बदललेली असेल. तो नारळ त्या वाटेने कधी जाणारच नाही. गल्फ स्ट्रीमसारख्या वर्षभर एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहात ही गल्लत फारशी महागात पडत नाही, आपल्या समुद्रात पडते. खरी वाट पाहायची असेल तर रोजचा नवा नकाशा घेऊन नारळ रोज एकेक पाऊल पुढे न्यावा लागतो. नासाच्या गोडार्ड केंद्राने जून २००५ ते डिसेंबर २००७ या काळातल्या जगभरच्या प्रवाहांची जी प्रसिद्ध चलत्-चित्रफीत बनवली, तिच्यात प्रवाह असे काळानुसार बदलत जातात. ती नुसत्या उपग्रहांच्या आकड्यांवरून केलेली नाही. मोजमापांशी जुळवून घेतलेल्या महासागराच्या संगणकीय प्रतिमानातून ती आली आहे.

रंगांबद्दल थोडंच. इंद्रधनुष्यी पट्टी टाळावी. तिच्यातल्या पिवळ्या रंगापाशी डोळ्याला अशी कडा दिसते जी पाण्यात नसते. फिकट ते गडद अशी एकाच रंगाची पट्टी वेग दाखवायला पुरते. आणि चमकदार रेषा म्हणजे वेग, एवढंच. ती पाण्याचं प्रमाण सांगत नाही, खोलीही नाही.

या सगळ्याचा रोजच्या जगण्याशी संबंध किती जवळचा आहे हे मुंबईने ७ ऑगस्ट २०१० रोजी पाहिलं. बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, तेल सांडलं आणि शेकडो कंटेनर पाण्यात पडले. अशा वेळी तेल कुठे जाईल हे ठरवायला उपग्रहाचा प्रवाह-नकाशा एकटा पुरत नाही. तेलाचा तवंग साधारणपणे पाण्याच्या प्रवाहाबरोबर जातो आणि शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे तीन टक्के वेगाने वारा ढकलेल तिकडे सरकतो. ऑगस्टमध्ये ताशी चाळीस किलोमीटरचा वारा धरला तर हे झाले ताशी सव्वा किलोमीटर, म्हणजे संथ प्रवाहापेक्षा जास्त. त्यात बंदराची भरती-ओहोटी आलीच. अर्धवट बुडालेला कंटेनर, पूर्ण बुडालेली वस्तू, लाइफ जॅकेट घातलेला माणूस, प्रत्येकाला वारा वेगळ्या प्रमाणात ढकलतो. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेने समुद्रात हरवलेल्यांचा शोध घेण्यासाठी ‘सरत’ नावाची प्रणाली केली आहे. ती वस्तूचा प्रकार विचारते आणि प्रवाह आणि वारा धरून शोधायच्या क्षेत्राचा नकाशा देते, तो याच कारणाने. किनाऱ्याजवळची पोकळी भरायला किनाऱ्यावर उभारलेली रडारं असतात. ती लाटांवरून परतणाऱ्या संकेताच्या बदललेल्या वारंवारतेवरून पाण्याचा वेग थेट मोजतात. खंभातच्या आखाताकडे गुजरातच्या किनाऱ्यावर अशी रडारं आहेत.

उपग्रहांच्या बाजूने सर्वांत मोठी झेप १६ डिसेंबर २०२२ रोजी घेतली गेली. अमेरिका आणि फ्रान्सचा स्वॉट उपग्रह त्या दिवशी गेला. त्याच्यावर दहा मीटर लांब दांड्याच्या दोन टोकांना दोन अँटेना आहेत. दोन्हींना मिळणाऱ्या संकेतातल्या सूक्ष्म फरकावरून तो सरळ खालच्या एका रेषेऐवजी दोन्ही बाजूंना पसरलेल्या १२० किलोमीटर रुंद पट्ट्याची उंची मोजतो, मधला वीस किलोमीटरचा पट्टा सोडून. आधीच्या नकाशांत पुसट होणारे दहा-वीस किलोमीटरचे भोवरे त्यात दिसू लागले आहेत. त्याबरोबर एक नवं काम उभं राहिलं. समुद्राच्या पोटात, हलक्या आणि जड पाण्याच्या सीमेवर, भरतीमुळे उठणाऱ्या आंतरलाटा असतात. त्यांनीही पृष्ठभाग काही सेंटीमीटर वरखाली होतो, आणि अरबी समुद्राचा तळ जिथे एकदम खोल उतरतो त्या कडेवर त्या भरपूर आहेत. त्यांच्या उंचवट्यांभोवती पाणी तसं फिरत नाही, जसं मोठ्या टेकड्यांभोवती फिरतं. उंचीच्या एकाच नकाशात भोवरा कुठला आणि आंतरलाट कुठली हे आधी वेगळं करावं लागतं. ते केल्याशिवाय उतारावरून प्रवाह काढला, तर नसलेले प्रवाह नकाशावर उमटतील. सध्या या विषयातले अनेक शास्त्रज्ञ हीच गाठ सोडवत आहेत.